एकसष्ट वर्षांचं गर्भाशय, पस्तिशीतली आई

सप्टेंबर २०१४ मध्ये स्वीडनमधल्या गॉथेनबर्ग शहरात एक मुलगा जन्मला. दिवस पुरे भरले नव्हते, बत्तीस आठवडेही झाले नव्हते. वजन १७७५ ग्रॅम, म्हणजे तेवढ्या आठवड्यांच्या बाळाला शोभेल असंच. जन्मल्याबरोबर तो रडला, श्वास नीट घेतला, आणि बाळाची पहिल्या काही मिनिटांतली तब्येत मोजणाऱ्या अपगार गुणांमध्ये त्याला ९, ९ आणि १० मिळाले. तो ज्या गर्भाशयात वाढला ते त्याच्या आईचं नव्हतं. ते ६१ वर्षांच्या, पाळी कायमची थांबलेल्या दुसऱ्या एका बाईचं होतं. प्रत्यारोपित गर्भाशयातून जन्मलेलं हे जगातलं पहिलं मूल. डॉ. मॅट्स ब्रॅनस्ट्रॉम आणि त्यांच्या चमूने हे प्रकरण त्याच वर्षी 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात सविस्तर मांडलं.

जगभर त्याची बातमी चमत्कार म्हणून झाली. मला मात्र हे प्रकरण वेगळ्याच कारणासाठी पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटतं. बहुतेक बायकांच्या शरीरात अंडाशय, नलिका, गर्भाशय, योनी हे सगळं जन्मापासून एकत्र असतं, एकाच तालावर चालतं. त्यामुळे नेमकं कोणतं काम कोण करतं हे बाहेरून कळत नाही. पाळी आली नाही की 'पिशवीत काहीतरी बिघाड' असं आपण सरसकट म्हणून टाकतो. या प्रकरणात भाग वेगळे झाले होते. एक जन्मतःच नव्हता, तो दुसरीकडून आणून बसवला. दुसरा मुद्दाम वगळला. मज्जातंतू जोडलेच नाहीत. तरीही पाळी आली, गर्भ राहिला. त्यातून जे दिसतं ते असं: गर्भाशयाला स्वतःचं घड्याळ नसतं. वय मोजणारा अवयव अंडाशय आहे.

जे नव्हतं आणि जे होतं

प्रत्यारोपणाच्या वेळी या बाळाची आई ३५ वर्षांची होती. तिला जन्मतःच गर्भाशय नव्हतं. या अवस्थेला रोकिटान्स्की सिंड्रोम म्हणतात, आणि साधारण साडेचार ते पाच हजार मुलींमागे एकीत ती आढळते. तिची विशिष्ट हकीकत बाजूला ठेवली तरी अशा मुलींची वाट बहुधा सारखीच असते. वयात येताना उंची वाढते, छाती भरते, काखेत आणि जांघेत केस येतात. बाह्य जननेंद्रियं अगदी नेहमीसारखी असतात, त्यामुळे कुणाला काही वावगं वाटत नाही. फक्त पाळी येत नाही. पंधरावं, सोळावं वर्ष उलटतं, घरात काळजी सुरू होते, आणि मग सोनोग्राफीत दिसतं की दोन्ही अंडाशय जागेवर आहेत, पण त्यांच्या मध्ये जे असायला हवं ते नाही. योनीही वरच्या बाजूला बंद, आखूड. गुणसूत्रं तपासली तर ४६, एक्सएक्स, म्हणजे मुलीची असतात तशीच.

गर्भाशय नाही आणि अंडाशय मात्र धडधाकट, हे कसं? उत्तर आईच्या पोटातल्या पहिल्या काही आठवड्यांत आहे. अंडाशय आणि गर्भाशय ही एका मुळातून फुटलेली भावंडं नाहीत. साधारण सहाव्या आठवड्यात गर्भाच्या शरीरात दोन्ही बाजूंना एकेक नळी तयार होऊ लागते, तिला म्युलेरियन नलिका म्हणतात. त्या दोन्ही खाली सरकत मध्यभागी येतात आणि त्यांचे खालचे भाग एकमेकांना जुळून एक होतात. त्यातून गर्भाशय, गर्भाशयाचं मुख आणि योनीचा वरचा भाग घडतो. वरचे भाग जुळत नाहीत, वेगवेगळेच राहतात; त्याच पुढे दोन अंडनलिका होतात. अंडाशय मात्र यापासून अलग, जननग्रंथींच्या स्वतंत्र उंचवट्यातून बनतात. योनीचा खालचा भाग आणखी तिसऱ्याच ठिकाणाहून येतो. म्हणून म्युलेरियन नलिकांची वाढ खुंटली तर मधला सगळा भाग गळतो आणि अंडाशयाला धक्काही लागत नाही.

या बाईला मूत्रपिंडही एकच होतं. तेही योगायोगाने नाही. म्युलेरियन नलिका खाली उतरते ती शेजारच्या वुल्फियन नलिकेच्या आधाराने, आणि मूत्रपिंड घडवणारा अंकुर त्याच वुल्फियन नलिकेतून फुटतो. शेजार इतका जवळचा असल्यामुळे रोकिटान्स्की असलेल्या बऱ्याच मुलींमध्ये मूत्रपिंडातही काही ना काही वेगळेपण सापडतं. म्हणूनच अशा मुलीची गर्भाशयाची तपासणी करताना मूत्रपिंडंही बघितली पाहिजेत. हे एक मूत्रपिंड पुढे गरोदरपणात पुन्हा चर्चेत आलं.

आता तिच्या शरीरात दर महिन्याला काय चालत असे ते पाहू. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी एफएसएच हे संप्रेरक (रक्तातून निरोप नेणारं द्रव्य) सोडते, त्याने अंडाशयातले काही पुटक, म्हणजे बीज असलेल्या बारीक पिशव्या, वाढू लागतात, त्यातला एक पुढे जातो आणि इस्ट्रोजेन तयार करतो. इस्ट्रोजेन पुरेसं वाढलं की एलएच या पीयूषिकेच्याच दुसऱ्या संप्रेरकाची उसळी येते, पुटक फुटतं, बीज बाहेर पडतं. उरलेल्या पुटकाचा पीतपिंड होतो आणि तो सुमारे दोन आठवडे प्रोजेस्टेरॉन पुरवतो. यातलं काहीच तिच्यात चुकलेलं नव्हतं. महिन्याच्या महिन्याला बीज सुटत होतं आणि पोटाच्या पोकळीत विरून जात होतं. संप्रेरकांचा चढउतार होत होता, फक्त तो ज्याच्यावर उमटावा ते अस्तर नव्हतं. अशा मुलींना 'तू पूर्ण बाई नाहीस' असं कुणी म्हणतं, कधी त्या स्वतःच म्हणतात. ते ऐकून वाईट वाटतं, कारण शरीरशास्त्राच्या दृष्टीनेही ते धादांत खोटं आहे. स्त्रीत्वाच्या सगळ्या खुणा घडवणारी संप्रेरकं तिच्या अंडाशयात नेहमीसारखीच बनत होती.

दान आणि शस्त्रक्रिया

गर्भाशय देणारी बाई कुटुंबाच्या ओळखीतली होती. वय ६१, दोन बाळंतपणं झालेली. पाळी कायमची थांबल्यानंतर गर्भाशय आक्रसतं. तरुणपणी ते मुठीएवढं, साधारण साडेसात सेंटीमीटर लांबीचं असतं; रजोनिवृत्तीनंतर त्याहून लहान होतं, अस्तर पातळ होऊन जवळजवळ निपचित पडतं. मग असं गर्भाशय घेण्यात काय अर्थ? अर्थ असा की आक्रसलेलं गर्भाशय मेलेलं नसतं. त्याच्या अस्तराचे दोन थर असतात. वरचा थर दर पाळीत गळून जातो. खालचा, स्नायूला लागून असलेला मूळ थर कधीच गळत नाही आणि त्यातूनच वरचा नव्याने उगवतो. इस्ट्रोजेन मिळेनासं झालं की तो थर उगवणं थांबवतो, नष्ट होत नाही. रजोनिवृत्तीनंतरही दुसरीचं बीज आणि बाहेरून दिलेली संप्रेरकं यांच्या साहाय्याने बायकांना गर्भ राहू शकतो, हे त्याआधीच माहीत झालं होतं. गॉथेनबर्गच्या डॉक्टरांना हा आधार होता.

कठीण होती ती शस्त्रक्रिया. गर्भाशय काढण्याचं नेहमीचं ऑपरेशन दोनेक तासांत उरकतं. हे प्रत्यारोपण नऊ बायकांवरच्या एका प्रयोगाचा भाग होतं; त्यातल्या दात्यांना मात्र दहा तासांहून जास्त वेळ टेबलावर राहावं लागलं. फरक इथे आहे: नेहमीच्या ऑपरेशनमध्ये रक्तवाहिन्या गर्भाशयाच्या अगदी जवळ बांधून कापतात, कारण ते टाकूनच द्यायचं असतं. इथे त्याला पुन्हा जगायचं होतं, म्हणून त्या लांबवर मोकळ्या कराव्या लागल्या. गर्भाशयाला रक्त देणारी धमनी दोन्ही बाजूंना ओटीपोटातल्या आतल्या श्रोणी धमनीतून निघते. वाटेत, गर्भाशयाच्या मुखापासून जेमतेम दीड-दोन सेंटीमीटरवर, मूत्रवाहिनी तिच्या खालून जाते. प्रत्येक स्त्रीरोगतज्ज्ञ ही जागा डोळ्यांत तेल घालून सांभाळतो. शिरांचं तर आणखीच अवघड. त्या पातळ भिंतींच्या, जाळं करून मूत्रवाहिनीला बिलगलेल्या. त्या न फाटता सोडवण्यातच बहुतेक वेळ गेला. त्या प्रयोगातल्या एका दात्या बाईच्या मूत्रवाहिनीला इजा होऊन नंतर दुरुस्ती करावी लागली होती. ती जोखीम कागदावरची नव्हती.

२०१३ मध्ये साल्ग्रेन्स्का विद्यापीठ रुग्णालयात हे गर्भाशय नव्या शरीरात बसवलं गेलं. त्याच्या रक्तवाहिन्या बाहेरच्या श्रोणी धमनीला आणि शिरेला जोडल्या. योनीचा जो काठ सोबत आणला होता तो तिच्या योनीशी शिवला. गर्भाशयाला धरून ठेवणारे बंध तिच्या ओटीपोटात पक्के केले. बंधांचं हे काम वरवर गौण वाटतं, पण तसं नाही. सौदी अरेबियात २००० साली झालेल्या प्रत्यारोपणात गर्भाशय ९९ दिवसांनी काढावं लागलं होतं, कारण रक्तवाहिन्यांत गुठळ्या झाल्या. आणि गर्भाशयाला पुरेसा आधार न मिळाल्याने ते घडलं असावं, असा अंदाज होता. स्त्रीच्या ओटीपोटात गर्भाशय आपोआप तरंगत नाही, ते बंधांनी आणि खालच्या स्नायूंच्या पटलाने पेललेलं असतं. वयानुसार अंग बाहेर येण्याचा त्रास ज्या बायकांना होतो तो हाच आधार सैल झाल्यामुळे.

काय जोडलं नाही, हेही तितकंच बोलकं आहे. अंडाशय हलवलेच नाहीत. तिचे तिचेच राहिले. नलिका जोडल्या नाहीत. बीजाचं आणि शुक्राणूचं मीलन नैसर्गिकरीत्या नलिकेच्या रुंद भागात होतं, तेव्हा तो रस्ता बंद म्हणजे नैसर्गिक गर्भधारणाही बंद. म्हणून प्रत्यारोपणाआधीच तिची बीजं आणि जोडीदाराचे शुक्राणू घेऊन आयव्हीएफने, म्हणजे शरीराबाहेर त्यांचं मीलन घडवून, ११ भ्रूण तयार करून गोठवून ठेवले होते. मज्जातंतूही जोडले नाहीत. इतके बारीक धागे शिवता येत नाहीत.

त्रेचाळिसावा दिवस

प्रत्यारोपणानंतर ४३ व्या दिवशी तिला पाळी आली. आयुष्यातली पहिली.

अख्ख्या प्रकरणात माझ्या मते सर्वांत महत्त्वाची घटना हीच, बाळाच्या जन्माहूनही. त्या गर्भाशयाला नव्या शरीराकडून काय मिळालं होतं? फक्त रक्त. मेंदूशी जोडणारा तंतू नाही, अंडाशयाशी जोडणारी नळी नाही. तरीही तिच्या अंडाशयातलं इस्ट्रोजेन रक्तातून तिथे पोचलं आणि वर्षानुवर्षं झोपलेला मूळ थर जागा झाला. अस्तर जाड झालं. बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन आलं, त्याने अस्तरातल्या ग्रंथी स्रवू लागल्या, नागमोडी रक्तवाहिन्या वाढल्या. गर्भ नसल्याने पीतपिंड मावळला, प्रोजेस्टेरॉन खाली आलं, त्या रक्तवाहिन्या आकुंचन पावल्या, वरचा थर सुटला आणि रक्तस्राव झाला. पुढेही पाळी येत राहिली, २६ ते ३६ दिवसांच्या अंतराने. त्यासाठी बाहेरून काही द्यावं लागलं नाही. हे अंतर ठरवत होती ती पस्तिशीतल्या बाईची अंडाशयं. एकसष्ट वर्षांचं गर्भाशय त्यांच्या मागून चालत होतं.

रजोनिवृत्ती म्हणजे काय, याचं इतकं स्पष्ट उत्तर मला दुसरीकडे कुठे मिळालेलं नाही. मुलगी आईच्या पोटात साधारण वीस आठवड्यांची असते तेव्हा तिच्या अंडाशयांत साठ-सत्तर लाख बीजपेशी असतात. जन्मताना दहा ते वीस लाख उरतात, वयात येताना तीन-चार लाख. त्यातली जेमतेम चारशे-पाचशे पक्व होऊन सुटतात, बाकीची आपोआप विरून जातात. ही शिल्लक संपत आली की संप्रेरकं थांबतात आणि पाळी जाते. गर्भाशय तेव्हा थकलेलं नसतं, त्याला निरोप येणं बंद झालेलं असतं. वय वाढल्यावर गर्भ राहणं अवघड होतं आणि गर्भपाताचं प्रमाण वाढतं, तेही मुख्यतः बीजाच्या वयामुळे.

तीन माणसांच्या पेशी

प्रत्यारोपणानंतर एक वर्षाने पहिला भ्रूण गर्भाशयात सोडला आणि पहिल्याच खेपेला गर्भ राहिला. भ्रूण अस्तरात रुजायला महिन्यातले मोजकेच दिवस अनुकूल असतात, आणि ते दिवस प्रोजेस्टेरॉन ठरवतं. भ्रूण रुजला की तो एचसीजी हे संप्रेरक सोडतो, त्यामुळे पीतपिंड मावळत नाही आणि अस्तर गळत नाही. पाळी चुकते ती याच कारणाने. सात ते नऊ आठवड्यांपर्यंत वार प्रोजेस्टेरॉनचं काम स्वतःकडे घेते.

कोणत्याही गरोदरपणात बाळ अर्धं परकं असतं, कारण अर्धी गुणसूत्रं वडिलांची. इथे गर्भाशयही परकं होतं. वारेच्या पेशी गर्भाशयाच्या भिंतीतल्या नागमोडी धमन्यांत शिरून त्या रुंद करतात, तेव्हा कुठे बाळाला पुरेसं रक्त मिळतं. या प्रकरणात त्या धमन्यांच्या भिंती दात्या बाईच्या, आत वाहणारं रक्त आईचं, आणि शिरणाऱ्या पेशी बाळाच्या होत्या. आईच्या शरीराने गर्भाशय नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, अझाथायोप्रिन आणि स्टेरॉइड ही तीन औषधं गरोदरपणभर चालू होती. नकाराची चाहूल रक्ततपासणीत लागत नाही, त्यासाठी गर्भाशयाच्या मुखाचा बारीकसा तुकडा वेळोवेळी तपासावा लागतो. तीन वेळा सौम्य नकार आढळला, त्यातला एक गरोदरपणात. तिन्ही वेळा स्टेरॉइडने तो आवरला. बाळाची वाढ, नाळेतलं आणि गर्भाशयाच्या धमन्यांतलं रक्त, सगळं शेवटपर्यंत ठीक होतं. दिवस भरत येताना गर्भाशयाला मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहूनही जास्त रक्त लागतं. शिवलेल्या धमन्या वाढती मागणी पुरवत राहिल्या, ही मोठी गोष्ट आहे.

३१ आठवडे ५ दिवसांवर तिचा रक्तदाब वाढला, प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणात रक्तदाब वाढून होणारा गंभीर विकार) झाला, रुग्णालयात दाखल करावं लागलं. सोळा तासांनी बाळाच्या ठोक्यांचा आलेख बिघडला म्हणून सिझेरियन केलं. प्रीएक्लॅम्प्सिया का झाला? एकच मूत्रपिंड, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, आयव्हीएफचं गरोदरपण, वयस्क गर्भाशय, यांतलं कोणतंही कारण असू शकेल, आणि एका प्रकरणातून ती वेगळी काढता येत नाहीत. इथे मात्र एक खुलासा हवा. गर्भाशयाला घड्याळ नाही असं मी वर म्हटलं, ते पाळीपुरतं आणि गर्भ रुजण्यापुरतं. रक्तवाहिन्यांना वय असतं, आणि त्या गर्भाशयातही असतात.

या एका यशाच्या आजूबाजूला

त्या स्वीडिश प्रयोगात नऊ बायकांवर प्रत्यारोपण झालं. दोघींचं गर्भाशय काही महिन्यांतच काढावं लागलं, एकीत गुठळ्यांमुळे आणि दुसरीत जंतुसंसर्गामुळे. नऊही जणींनी आणि नऊही दात्यांनी सारखंच धाडस केलं होतं, बातमी एकीचीच झाली. पुढे २०१७ च्या डिसेंबरमध्ये ब्राझीलमध्ये मृत दात्याच्या गर्भाशयातून पहिलं मूल जन्मलं. जिवंत बाईला दहा-दहा तास टेबलावर ठेवण्याचा प्रश्नच त्यात उरत नाही, म्हणून मला तो मार्ग जास्त न्याय्य वाटतो. पुण्यात २०१७ मध्ये आईने मुलीला गर्भाशय दिलं आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यातून बाळ जन्मलं. त्या मुलीला जन्मतः गर्भाशय होतं, पण आतलं अस्तर चिकटून निकामी झालं होतं. अंडाशयं उत्तम, निरोप वेळेवर, फक्त तो घेणारा मूळ थर शिल्लक नाही. गॉथेनबर्गच्या दात्या बाईच्या अगदी उलट अवस्था.

हे प्रत्यारोपण जन्मभरासाठी नसतं. एक किंवा दोन बाळंतपणं झाली की गर्भाशय काढून टाकतात, म्हणजे मूत्रपिंडावर ताण आणणारी, संसर्गाचा धोका वाढवणारी औषधं बंद करता येतात. गर्भाशय गेलं की पाळी पुन्हा थांबते. अंडाशय मात्र पूर्वीसारखंच चालू राहतं, बीज सुटतं, संप्रेरकं चढतात-उतरतात.

हीच गोष्ट गाठी, अतिरक्तस्राव किंवा अशाच कारणाने गर्भाशय काढायला सांगितलेल्या प्रत्येक बाईला लागू आहे. अंडाशय ठेवले तर पाळी बंद होऊनही रजोनिवृत्ती लगेच येत नाही, जरी ती सरासरीपेक्षा थोडी लवकर येऊ शकते. दोन्ही अंडाशय काढले तर ती शस्त्रक्रियेच्या दिवसापासूनच सुरू होते, अंगाची लाही, झोपेची ओढाताण आणि हाडांची झीज घेऊन. तेव्हा संमतीपत्रावर सही करण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी स्वतंत्रपणे विचाराव्यात: गर्भाशयाबरोबर मुख काढणार का, नलिका काढणार का, आणि अंडाशयांचं काय करणार. प्रत्येकाचं उत्तर वेगळं असू शकतं, आणि प्रत्येकाचं कारण मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.